संगणकाचा वेग आणि त्याचा ताप

गेल्या वैशाखांत आमचा एक विद्यार्थी सायंकाळीं घरीं आला व दारांतच घुटमळत उभा राहिला. "सर, संगणक आपोआप बंद पडतो," एवढेंच तो बोलला. त्याच्या वडिलांनीं काटकसरीनें एक जुना संगणक विकत घेतला होता, आणि त्यावरच त्याच्या थोरल्या बहिणीचें प्रबंधलेखन चाललें होतें. दोन वेळां लिहितां लिहितां यंत्र विझलें व तिचीं कांहीं पानें गेलीं. विकणाऱ्यानें फसविलें अशी वडिलांची समजूत झाली. खरें कारण एकट्या मुलालाच ठाऊक होतें: कोणास न सांगतां त्यानें प्रोसेसरचा वेग वाढविला होता. यास ओव्हरक्लॉकिंग असें म्हणतात. हा उद्योग मुळांत वाईट नाहीं. परंतु जो वेग वाढवूं इच्छितो त्यानें उष्णतेचा हिशेब आधीं शिकला पाहिजे. तो हिशेब सोप्या रीतीनें मांडण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रोसेसरचें सर्व काम ठोक्यांच्या तालावर चालतें. त्या संगणकांत इंटेल कंपनीचा २०१२ सालचा कोअर आय-७ ३७७०के हा प्रोसेसर होता. त्याचा मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास ३५० कोटी ठोके. १०० मेगाहर्ट्झच्या पायास ३५ या गुणकानें गुणिलें कीं हा वेग येतो. नांवाच्या शेवटचें 'के' हें अक्षर गुणक वाढविण्याची मुभा दर्शवितें. मुलानें तो एकदम ४५ केला. आतां, ठोके जलद झाले कीं पूर्वीचा विद्युद्दाब, म्हणजे व्होल्टेज, अपुरा पडतो व यंत्र चुका करूं लागतें. म्हणून तोही वाढवावा लागतो. खरी मेख येथेंच आहे.

कामांत गुंतलेल्या प्रोसेसरची उष्णता वेगाच्या सम प्रमाणांत वाढते, पण विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. समजा, वेग ४.० वरून ४.४ गिगाहर्ट्झ केला व त्यासाठीं विद्युद्दाब १.२० वरून १.३२ व्होल्ट करावा लागला. दोन्ही वाढी दहा टक्क्यांच्याच आहेत. पण उष्णता किती वाढली? १.१ × १.१ × १.१ = १.३३१. म्हणजे दहा टक्के वेगासाठीं आपण तेहतीस टक्के उष्णता पदरांत घेतली! शिवाय प्रोसेसर तापला कीं त्यांतून वायां जाणारी वीजही वाढते, व ती पुन्हां उष्णतेंत भर घालते.

ही उष्णता बाहेर कशी जावयाची, हा पुढील प्रश्न. मूळ सिलिकॉनची चकती नखाएवढी. तिच्यावर धातूचें झांकण, त्यावर थर्मल पेस्ट, त्यावर हीटसिंक, आणि शेवटीं पंख्याची हवा. या वाटेंत एक पायरी जरी कच्ची असली तरी सारी उष्णता तेथें अडते. २०११ सालच्या कोअर आय-७ २६००के या प्रोसेसरची उष्णतेची मर्यादा ९५ वॅट होती. नंतरच्या ३७७०केची ती ७७ वॅटच. असें असूनही वेग वाढविल्यावर नवाच अधिक तापे. कारण काय? नव्याची चकती सुमारें २१६ वरून १६० चौरस मिलिमीटरवर आली होती, त्यामुळें उष्णता थोड्या जागेंत कोंडली; आणि जुन्यांत झांकण डाख देऊन जोडलेलें होतें, तर नव्यांत मध्यें केवळ पेस्ट भरलेली होती. उष्णता किती, एवढेंच पाहून भागत नाहीं. तिला वाट कशी आहे, हेंही पाहावें लागतें.

प्रोसेसर आपलें रक्षण आपणच करतो. तापमान शंभर अंशांच्या घरांत गेलें कीं तो आपला वेग स्वतः उतरवितो. तरीही ताप न आवरला तर यंत्र बंद करतो. म्हणून पुरेशा गारव्यावांचून वाढविलेला वेग पुष्कळदां पडद्यावरील आंकड्यापुरताच असतो. काम पूर्वीपेक्षां मंदच होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं प्रथम बहिणीच्या लेखनाची प्रत दुसरीकडे काढून ठेविली व गुणक पुन्हां ३५ केला. मग वीज तोडून पेटी उघडली. हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा नमदा बसला होता. पंख्याचीं पातीं बोटानें धरून आम्हीं धूळ काढली. पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून वाटाण्याएवढी नवी लाविली. पेस्टचें काम दोन पृष्ठभागांमधील बारीक फटींतील हवा घालविणें एवढेंच आहे; जाड थर लाविल्यास तो उलट अडसर होतो. पेटी भिंतीस टेकलेली होती, ती वीतभर पुढें ओढली. समोरून गार हवा आंत यावी व मागून ऊन हवा बाहेर जावी, अशी पंख्यांची दिशा लाविली.

नंतर पायरीपायरीनें वेग वाढविला. दर वेळीं गुणक एकानेंच वाढवावयाचा, अर्धा तास यंत्राकडून जड काम करवावयाचें, आणि तापमान वहींत लिहावयाचें. विद्युद्दाब अगदीं गरज पडली तरच, तोही व्होल्टच्या शंभराव्या हिश्शानें. खोली ३६ अंशांवर असतां ४१ या गुणकास प्रोसेसर ७९ अंशांवर स्थिर राहिला. ४२ करण्यास विद्युद्दाब बराच वाढवावा लागला व तापमान ८८ वर गेलें. आम्हीं ४१ वरच थांबलों. भर कामांत ८० ते ८५ अंशांपलीकडे नेहमीं राहूं देणें आम्हांस इष्ट वाटत नाहीं. ऋतूही ध्यानांत धरावा. पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेहून गार करूं शकत नाहीं. म्हणून पौषांत २२ अंशांच्या खोलींत जो ७५ वर राहतो, तो ३८ अंशांच्या वैशाखांत ९० च्या पलीकडे जातो. अधिक वेग हवाच असेल, तर आधीं मोठा हीटसिंक घ्यावा, मग गुणकास हात लावावा.

पालकांस एक विनंती आहे. अशा प्रयोगानें झालेल्या हानीस उत्पादकाची हमी सहसा लागू पडत नाहीं. तेव्हां मुलानें विचारल्याशिवाय असें करूं नये, आणि त्यानें विचारलें तर केवळ रागावून त्यास परत पाठवूं नये. त्या मुलानें सारी हकीकत वडिलांस स्वतः सांगितली. आम्ही बरोबर गेलों होतों, पण आम्हांस बोलावें लागलें नाहीं. वडील बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं ती तापमानांची वही मागून घेतली व शेवटपर्यंत वाचली. बहिणीचा प्रबंध आषाढांत पुरा झाला. ती वही अजून त्या संगणकाशेजारीं असते, व मुलगा दर रविवारीं तींत एक ओळ लिहितो.