मनाचीही तालीम

मल्लाच्या दंडातील बळ पाहताक्षणीच नजरेत भरते. मनाचे बळ मात्र कसोटीच्या वेळीच प्रकट होते. संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या सांघिक खेळांत याचा प्रत्यय विशेषच येतो. तेथे धावपळ नाही की झोंबाझोंबी नाही. खेळाडू खुर्चीवर बसलेला असतो. तरीही मोठ्या सामन्यात त्याचे हृदय धडधडते, तळहातांना घाम सुटतो आणि सरावलेली बोटेही अडखळू लागतात.

'काउंटर-स्ट्राइक' हा असाच एक खेळ होय. पाच-पाच खेळाडूंचे दोन संघ त्यात परस्परांशी झुंजतात. प्रत्येक डाव काही मिनिटांतच आटोपतो. जो बाद होतो, त्याला तो डाव संपेपर्यंत निमूटपणे पाहत बसावे लागते. अशा रिकाम्या क्षणी मन झालेल्या चुकीभोवती घिरट्या घालू लागते. मन चिंती ते वैरी न चिंती, असे म्हणतात ते काही उगीच नव्हे.

डेन्मार्क देशातील काही तरुणांनी हा अनुभव पुरेपूर घेतला होता. 'मेजर' नावाच्या स्पर्धा या खेळात सर्वश्रेष्ठ मानल्या जातात. त्यांत हे तरुण वारंवार उपांत्यपूर्व वा उपांत्य फेरीपर्यंत पोहोचत. अंतिम सामना मात्र त्यांना हुलकावणी देई. ऐन वेळी कच खाणारा संघ, असा त्यांचा लौकिक झाला. २०१६ साली ते 'अॅस्ट्रालिस' या नावाने खेळू लागले. पण त्या वर्षीही कलोन येथे 'व्हर्टस प्रो' या पोलंडच्या संघाने त्यांना नमविले.

त्याच वर्षी या संघाने मिया स्टेलबर्ग या फिनलंडच्या क्रीडामानसतज्ज्ञ बाईंचे साहाय्य घेतले. त्यांनी ऑलिंपिकच्या खेळाडूंनाही मार्गदर्शन केले होते. अशी तयारी वरकरणी अगदी साधी असते. पुरेशी झोप घ्यावी. सामन्यापूर्वीचा क्रम रोज एकच ठेवावा. मन विचलित होताच श्वास संथ करावा. सोबत्याच्या हातून चूक झाली, तर त्याला दूषण न देता पुढच्या डावात काय करावयाचे, तेवढेच थोडक्यात सांगावे. कारण एकाची चिडचिड कानांवरील हेडफोनमधून क्षणार्धात पाचही जणांच्या मनात शिरते.

२९ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेतील अटलांटा येथे मेजर स्पर्धेचा अंतिम सामना झाला. समोर तोच 'व्हर्टस प्रो' संघ होता. त्या वेळच्या नियमाप्रमाणे जो प्रथम सोळा डाव जिंकील, त्याची सरशी होई. आणि तीनपैकी दोन लढती जिंकणारा विजयी ठरे. प्रशिक्षकालाही खेळ चालू असताना बोलण्याची मुभा नव्हती. अर्ध्या मिनिटाच्या मोजक्या विश्रामांत काय सांगायचे ते सांगावे लागे. पहिली लढत डेन्मार्कच्या संघाने १२-१६ अशी गमावली. पूर्वीचा इतिहास पुन्हा घडणार, असे पाहणाऱ्यांस वाटले असेल. परंतु तो संघ डगमगला नाही. दुसरी लढत त्याने १६-१४ अशी जिंकली आणि तिसरीही १६-१४ अशीच!

या यशाचे सारे श्रेय मनाच्या तयारीला देणे उचित होणार नाही. लुकास रोसांडर हा नवा कर्णधार संघाला लाभला होता आणि डावपेचही सुधारले होते. पण दोन डावांच्या अंतराने जय-पराजय ठरतो, तेव्हा डळमळलेल्या मनाला उत्तम डावपेचही आठवत नाहीत. पुढे २०१८ साली लंडन येथे आणि २०१९ साली कॅटोविस व बर्लिन येथेही याच संघाने मेजर स्पर्धा जिंकली.

विद्यार्थ्यांनो, धैर्य ही आयत्या वेळी उसनी आणण्याची वस्तू नव्हे. बोटांना जसा नित्य सराव लागतो, तसाच तो मनालाही लागतो. शिवाय संघाचे धैर्य हे एकट्याचे नसते. चुकलेल्या सोबत्याशी आपण कोणत्या शब्दांत बोलतो, त्यावर ते उभे राहते.

अभ्यास
१. बाद झालेल्या खेळाडूच्या मनाची अवस्था कशी होते?
२. सोबत्याच्या चुकीला दूषण देणे संघाला घातक का ठरते?
३. 'मन चिंती ते वैरी न चिंती' या म्हणीचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा.