बागशिल्पी क्रुंबिगेल

बंगळूरचा लालबाग ज्यांनीं पाहिला असेल त्यांस तेथील वृक्षांची शोभा सांगावयास नको. परंतु त्या शहराच्या रस्त्यांवर बहुतेक बारा महिने कोणता ना कोणता वृक्ष फुललेला दिसतो, हें आपोआप घडलेलें नव्हे. तें योजणारा पुरुष एक जर्मन बागवान होता, व हिंदुस्थानांतील त्याची पहिली चाकरी श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या बडोदें संस्थानांत झाली, हें आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

गुस्ताव हर्मान क्रुंबिगेल यांचा जन्म १८६५ सालीं ड्रेस्डेन शहरानजीक लोमेन गांवीं झाला. पिल्निट्झ येथील बागेंत शिक्षण घेऊन, इंग्लंडांत हाइड पार्क व क्यू येथें काम करून ते १८९३ सालीं बडोद्यास आले. १९०८ सालीं म्हैसूरच्या महाराजांनीं त्यांस लालबागेवर नेमलें. १९३२ पर्यंत ते त्या संस्थानच्या सेवेंत होते. कृष्णराजसागर धरणाखालच्या वृंदावन बागेच्या आंखणींतही त्यांचा हात होता.

त्यांची मुख्य युक्ति अशी कीं, रस्त्यासाठीं वृक्ष निवडतांना सावलीबरोबर त्याचा फुलण्याचा महिना पाहावयाचा. हिवाळा सरतां सरतां टॅबेबुया, मागाहून जॅकरंडा, भर उन्हांत गुलमोहर. एकाचा बहर ओसरतो तोंच दुसऱ्याचा उभा राहतो.

शेतकऱ्यास नुसत्या फुलाच्या झाडाचा शौक परवडत नाहीं, हें मला मान्य आहे. गुलमोहर बांधावर लावा असें मी कोणास सांगणार नाहीं. परंतु हाच हिशेब आपल्या झाडांस लावून पाहावा. शिमग्याच्या सुमारास पळस व पांगारा, पुढें जांभूळ, कडुनिंब व करंज, आणि पावसाळा सरतांना बोर व शेतांतील कारळा. असा क्रम साधला तर मधमाशांस उपास पडत नाहीं. आणि डाळिंब, सूर्यफूल किंवा कांद्याचें बीं धरणाऱ्यास मधमाशी म्हणजे काय, हें निराळें सांगणें नको. मीं महसुली दप्तरांत आयुष्य घालविलें. बांधावरचीं झाडें जमिनीच्या कागदांत मोजून लिहिलीं जात. तीं केव्हां फुलतात याचा रकाना मात्र कोठें दिसला नाहीं.

शोभेच्या झाडांखेरीज ऱ्होड्स गवत, रशियन सूर्यफूल, अमेरिकन मका व सोयाबीन हींही त्यांनीं म्हैसुरांत आणविलीं. आपल्या विदर्भ-मराठवाड्यांत सोयाबीन पसरलें तें बरेंच मागाहून व दुसऱ्या वाटेनें. पण गृहस्थाची नजर ताटव्यापलीकडे होती, हें यावरून कळतें.

एवढें करूनही दोन्ही महायुद्धांत केवळ जर्मन म्हणून त्यांस स्थानबद्ध करण्यांत आलें. ज्याच्या योजनेनें लाविलेल्या झाडांच्या सावलींतून सरकारचे अंमलदार कचेरीस जात, तोच मनुष्य पहाऱ्यांत! तरीही सुटकेनंतर ते मायदेशीं गेले नाहींत. १९५६ सालीं बंगळूरासच वारले व तेथेंच त्यांस मूठमाती मिळाली. लालबागेनजीकच्या एका रस्त्यास त्यांचें नांव आहे. बागेंतील त्यांच्या नांवाचें व्याख्यानगृह मात्र दुरुस्तीअभावीं जीर्ण होऊन २०१७ सालीं पाडावें लागलें.