रिकामा माठ ज्याला दिसेल त्याने भरावा



'सेवा' हा शब्द आपल्या समाजात जपूनच वापरावा लागतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी गावाची लाकडे फोडली, मेलेली गुरे ओढली, ऊन-पावसात सांगावे पोहोचवले, त्यांना कोणी 'सेवेत आनंद आहे' असे सांगू लागला तर कपाळाला आठी पडणारच, आणि ती पडावी. ती सेवा नव्हती. जन्माने गळ्यात अडकवलेली राबणूक होती. या वतनी जोखडातून समाज सुटावा म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतने कायद्याने रद्द होण्यास मात्र १९५८ साल उजाडले. मग एकमेकांसाठी झटण्यात आनंद आणि मैत्री आहे असे धम्म सांगतो, ते कोणत्या अर्थाने?

याचे उत्तर मला मज्झिम निकायातील ३१ व्या सुत्तात, चूळगोसिंग सुत्तात सापडते. अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तीन भिक्खू गोसिंगाच्या सालवनात राहत होते. एके सायंकाळी तथागत तेथे गेले. रानाच्या राखणदाराने त्यांना ओळखले नाही. येथे तिघेजण शांतपणे साधना करीत आहेत, त्यांना त्रास देऊ नका, असे म्हणून त्याने त्यांनाच अडवले! अनुरुद्धांनी ते ऐकले आणि हे आपले शास्ताच आहेत असे सांगून सामोरे आले. एकाने पात्र-चीवर घेतले, एकाने आसन मांडले, एकाने पाय धुण्यास पाणी ठेवले.

तथागतांनी विचारपूस केली ती अगदी घरच्या वडीलधाऱ्यासारखी. बरे आहात ना, भिक्षा मिळते ना, आणि तुमचे आपसांत पटते ना? पटते, असे उत्तर आल्यावर त्यांनी पुढे विचारले की, ते कसे? अनुरुद्धांनी दिलेला तपशील मोठा वाचनीय आहे. भिक्षेहून जो आधी परततो तो आसने मांडतो, पिण्याचे व हातपाय धुण्याचे पाणी ठेवतो. जो शेवटी येतो तो सारे आवरतो, भांडी धुतो, जेवणाची जागा झाडतो. पिण्याच्या, धुण्याच्या किंवा शौचाच्या पाण्याचे मडके ज्याला रिकामे दिसेल तो ते भरतो. एकट्याला उचलत नसेल तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलावतो आणि दोघे मिळून उचलतात. तेवढ्यासाठी तोंड उघडून बोलतही नाहीत.

आता हे अनुरुद्ध कोण होते ते पाहा. ते शाक्य कुळातील, सुखात वाढलेले तरुण. अनुरुद्ध आणि किंबिल हे इतर शाक्यांबरोबर प्रव्रज्या घेण्यास निघाले तेव्हा सोबत त्यांचा न्हावी उपाली होता. आमचा कुलाभिमान मोडावा म्हणून उपालीला आधी दीक्षा द्या, असे शाक्यांनीच तथागतांना विनविले आणि तसेच झाले. कालपर्यंत ज्याच्याकडून सेवा घेतली त्याला या शाक्यांनी वंदन केले. असे अनुरुद्ध शौचाच्या पाण्याचे मडके भरतात! ज्या देशात पाण्याला स्पर्श करण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला जावे लागले, त्या देशातील वाचकाने या मडक्यापाशी जरा थांबावे.

भेद येथेच आहे. वतनात काम माणसाच्या जन्माला चिकटलेले होते. सालवनात काम कोणाच्याच नावावर नव्हते. ज्याला दिसले त्याचे ते. शिवाय, अशा सोबत्यांबरोबर राहावयास मिळते हा आपलाच लाभ, असे तिघांपैकी प्रत्येकाला वाटत होते. आनंद येतो तो येथून. उपकार केल्याच्या भावनेतून आला तर तो आनंद नव्हे, अहंकार होय. सिगालोवाद सुत्तात माणसे जोडणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: दान, प्रिय वाणी, दुसऱ्याच्या हिताचे कार्य आणि समानतेची वागणूक. पहिल्या तीन आपल्या संस्थांतून बऱ्यापैकी दिसतात. चौथी नसेल तर पहिल्या तिन्ही भिकेसारख्या वाटतात, असे माझे मत आहे.

दुसरी अडचण हिशेबाची. विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची हकीकत आहे. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. एकाने डोक्याकडून व एकाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. इतरांनी का पाहिले नाही, असे विचारता उत्तर आले की, तो कोणाच्याच काही उपयोगी पडत नव्हता. हे उत्तर आजही आपल्या वस्त्यांत ऐकू येते: 'तो आमच्या लग्नाला आला नाही', 'त्याने जयंतीची वर्गणी दिली नाही'. माझी सारी नोकरी जमा-नावे जुळवण्यात गेली आहे. संध्याकाळी रोकड जुळलीच पाहिजे, तो बँकेचा धर्म आहे. पण शेजाऱ्याच्या आजारपणात खातेवही उघडून बसणे शोभत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणेच्याही पुढे मैत्री ठेवली आहे, ती याचसाठी.

मग करावयाचे काय? फार मोठे काही नाही. रविवारच्या वंदनेनंतर सतरंज्या कोण उचलतो ते पाहावे. बहुधा तेच दोघे-तिघे असतात. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी म्हातारी माणसे बँकेत रांगेत उभी असतात. त्यांतील कित्येकांना फक्त फॉर्म भरून देणारा हात आणि 'आजी, अंगठा येथे' असे सांगणारा शब्द हवा असतो. अशा पाच मिनिटांतून जुळलेली ओळख पुढे वर्षानुवर्षे टिकते. विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीचा स्वतःचा अर्ज भरला की वस्तीतल्या धाकट्याचाही भरून द्यावा, आणि पुढच्या वर्षी त्याला स्वतः भरता येईल असे शिकवावे. नाही तर तोही आश्रितच राहील. अभ्यासिकेतील पाण्याच्या पिंपाविषयी तर वेगळे सांगावयास नकोच!

त्या तिघांचा आणखी एक नेम होता. मडक्यासाठी न बोलणारे हे भिक्खू दर पाचव्या दिवशी रात्रभर एकत्र बसून धम्मचर्चा करीत. आपल्याकडे बहुधा उलटे होते. कामावरून बोलाचाली पुष्कळ आणि विचारासाठी एकत्र बसणे थोडे. वर्षावासातील ग्रंथवाचनाच्या काळात एखादा रविवार या लहानशा सुत्तासाठी ठेवावा. वाचन तरुणांनी करावे, आणि त्या दिवशी सतरंज्या पदाधिकाऱ्यांनी उचलाव्यात.