आधी अभय, मग आर्जव

सज्जन वाचकहो, भक्ताचे मुख प्रसन्न असावे हे आपण सर्वजण मानतो, आणि कीर्तनात आम्हीही तेच सांगतो. पण प्रसन्न असणे निराळे आणि प्रसन्न दिसणे निराळे. आपल्यातली कितीतरी माणसे मनात एक भय आणि ‘यांनी मला आपला म्हणावे’ ही भूक घेऊन वावरतात, आणि ती भूक कुणाला दिसू नये म्हणून चेहऱ्यावर हसू ठेवतात. हे हसू कशापोटी येते, शास्त्र त्याला काय म्हणते, संतांनी अशा वेळी काय केले आणि आपण काय करावे, एवढेच येथे पाहायचे आहे.

प्रथम अनुभव सांगतो, कारण हा रोग मी स्वतः भोगलेला आहे.

अकरा-बारा वर्षांचा असताना मी पाठशाळेत गेलो. घर शेतकऱ्याचे, गाव आडवळणाचे. आमच्याकडे सगळे ‘पानी’ म्हणत, ‘लोनी’ म्हणत. णकार आमच्या जिभेला ठाऊकच नव्हता. पहिल्याच दिवशी रूपे म्हणताना ‘रामेण’ऐवजी मी ‘रामेन’ म्हणालो आणि ओळीतली मुले फिसकन हसली. पोटात कसे कालवले ते आजही आठवते. दोन-चार दिवस मी गप्प राहिलो. मग एक युक्ती सापडली. त्यांनी हसायच्या आधी आपणच त्यांना हसवायचं! मी मुद्दाम ‘पानी आना, लोनी खावा’ असे सुरात म्हणू लागलो, आमच्या आजोबांच्या नकला करू लागलो. मुलांना मजा वाटू लागली. पंगतीत मला हाका येऊ लागल्या. सर्वांना वाटले, पोरगं मोठं आनंदी आहे. रात्री सतरंजीवर पडल्यावर मात्र एकच विचार येई : उद्या मी हसवलं नाही, तर मला कुणी शेजारी बसवील का?

गुरुजींनी हे पुष्कळ दिवस पाहिले असावे. एका दुपारी त्यांनी तांब्या मागितला. मी नेऊन दिला आणि सवयीने तोंड वेंगाडून म्हणालो, “गुरुजी, पानी!” ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, “बस इथं. मी कोकणातून आलो तेव्हा माझ्या नाकातल्या बोलण्याला मुलं अशीच हसायची. मी महिनाभर तोंडच उघडलं नव्हतं. तुझ्या पान्यानंही तहान भागते रे. ते आधी पिऊ, णकार मग शिकू.” मला रडू कोसळले. घर सोडल्यापासून मी रडलो नव्हतो. त्या दिवशी पोटभर रडलो.

पुढे अमरकोश पाठ करताना नाट्यवर्गात ‘अवहित्था’ हा शब्द आला. त्याचा अर्थ आकारगुप्ती, म्हणजे मनातला भाव मुद्रेवर येऊ न देणे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात जे ३३ व्यभिचारी भाव सांगितले आहेत त्यांत हा एक. (व्यभिचारी म्हणजे येथे वाईट काही नव्हे, मनात येणारे-जाणारे, मुख्य भावाच्या आधाराने राहणारे भाव, असा त्याचा अर्थ.) आणि हा भाव कशातून उपजतो? तर लज्जेतून, भयातून. ते वाचताना मला माझे पाठशाळेतले हसू ओळखू आले.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. दंभ वेगळा आणि अवहित्था वेगळी. दंभी माणूसही मुखवटा घालतो, पण तो मान मिळविण्यासाठी घालतो. आहे त्याहून स्वतःला मोठा दाखवतो. भ्यालेला माणूस मुखवटा घालतो तो जवळ आहे तेवढे सुटू नये म्हणून. तो स्वतःला मोठा नाही, हलका दाखवतो : माझे कुणाला ओझे नाही, मला काही लागत नाही, मी आपला मजेत आहे! गीतेच्या तेराव्या अध्यायात अदंभित्व हे ज्ञानाच्या लक्षणांत सांगितले आहे, म्हणून दंभ फोडलाच पाहिजे. पण भयाने घातलेला मुखवटा फोडायला गेलात, तर आतला माणूस आणखी भितो आणि मुखवटा अधिक घट्ट धरतो. निदान चुकले की औषध विष होते.

मग यावर औषध कोणते? सोळाव्या अध्यायात भगवंतांनी दैवी संपत्तीचे २६ गुण सांगितले आहेत. त्यांत पहिले नाव अभय. आणि आर्जव, म्हणजे सरळपणा, आत एक बाहेर एक नसणे, ते त्याच पहिल्या श्लोकाच्या शेवटी येते. या क्रमातून मी माझ्यापुरता असा बोध घेतो की, आधी अभय, मग आर्जव. ज्याचे भय गेले नाही त्याच्याकडून सरळपणा मागणे म्हणजे न पेरता पीक मागणे. माझ्या गुरुजींनी मला ‘खोटं हसू नकोस’ असा उपदेश केला नाही. त्यांनी आपली लाज आधी माझ्यापुढे ठेवली. ते अभय होते. आर्जव त्यामागून आपोआप आले.

आता संतांकडे पाहू. तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती, ती कथा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, हे कशाचे? काका म्हणाले, मडके पक्के की कच्चे हे याने कळते. मग आमचीही मडकी पाहा, असे मुक्ताबाई म्हणाल्या. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत निघाले. सगळे शांत बसले. नामदेवराय मात्र दुखावले, आणि काकांनी सांगून टाकले की हे मडके कच्चे.

ही कथा आम्ही सद्गुरूची आवश्यकता सांगण्यासाठी लावतो, आणि ते योग्यच आहे. पण एवढे पाहा की नामदेवरायांना त्या वेळी हसता आले असते. ‘काका, जरा हळू!’ असे म्हणून विनोद केला असता तर मंडळी हसली असती आणि परीक्षा हसण्यावारी गेली असती. त्यांनी तसे केले नाही. ते दुखावले तर दुखावलेले दिसले. तडक पंढरीला जाऊन त्यांनी देवापुढे गाऱ्हाणे मांडले. म्हणूनच देवाला त्यांना विसोबा खेचरांकडे पाठविता आले आणि औंढ्याला त्यांचे काम झाले. कुंभाराला विचारा : कच्चे मडके आव्यात घालून पक्के करता येते. पण भेग लाखेने बुजवून वर रंग दिलेले मडके पाणी भरेपर्यंत चांगले दिसते आणि भरल्यावर घरभर ओल करते. कच्चेपणाची लाज नाही. भेग बुजवून ठेवण्याचा धोका आहे.

तुकोबारायांचेही तसेच. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नाविना गेली, चारचौघांत मान खाली गेली. हे कुणा चरित्रकाराने शोधून काढलेले नाही, महाराजांनी स्वतःच अभंगांतून सांगितले आहे. त्यांच्या शिष्या बहिणाबाईंनी नवऱ्याचा मार खाल्ल्याचेही आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत लपविले नाही. गाथेत करुणेच्या अभंगांची रास आहे. ज्या संप्रदायाचे वाङ्मय असे उघडे आहे, त्यात आपण सुतकी चेहरा अपशकुनी मानून हसऱ्या चेहऱ्याचे प्रवेशपत्र का मागावे?

आणखी एक प्रसंग. लोकांच्या बोलण्याने खिन्न होऊन ज्ञानोबारायांनी पर्णकुटीची ताटी लावून घेतली, आणि मुक्ताबाईंनी बाहेर उभे राहून ती उघडविली. येथे ज्ञानोबारायांनी ताटी उघडपणे लावली होती. ती लागली आहे हे दिसत होते, म्हणून बहिणीला हाक मारता आली. हसण्याची ताटी मात्र अशी असते की ती बंद आहे हे बाहेरच्याला कळतच नाही. मग हाक कोण मारणार?

येथे कुणी शंका घेईल : “बुवा, मग काय प्रत्येकाने दिंडीत रडगाणे गात चालायचे? भजनाचा रंग राहील काय?”

शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आपल्या सोहळ्यातच आहे. माउलींच्या पालखीबरोबर चाललेल्यांनी संध्याकाळची समाजआरती पाहिली असेलच. तळावर दिंड्या पालखीभोवती उभ्या असतात, टाळांचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात सगळा गजर थांबतो. पण ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणे ऐकतात, त्याची वाट लावतात. मग ते टाळ थांबतात. वाटेत हरवले-सापडलेल्याची वर्दी देतात. आणि त्यानंतर आरती होते.

सज्जनहो, या रीतीत केवढे शहाणपण आहे! गाऱ्हाणे दिवसभर वाटेने सांगत बसत नाहीत, पण ते गिळायलाही लावत नाहीत. त्याला वेळ आहे, जागा आहे आणि ऐकणारा माणूस आहे. गाऱ्हाणे असलेल्या दिंडीला कुणी ‘तुमच्यामुळे आरती खोळंबली’ म्हणून सोहळ्याबाहेर काढीत नाही. आरतीच तिच्यासाठी थांबते. दिंडीला जे मिळते ते एका माणसाला का मिळू नये?

म्हणून प्रत्येकाने आपला एक तरी चोपदार ठरवावा. दहाजणांना दुःख सांगू नये, हे मलाही मान्य आहे. पण एकाला सांगावे. मुलगा पुण्या-मुंबईहून फोन करतो, “कसे आहात?” आणि आपण हसून म्हणतो, “मजेत!” हे रोजचे झाले आहे. एकदा तरी म्हणून पाहावे, “बाबा रे, संध्याकाळी घर खायला उठतं.” त्याने प्रेम कमी होत नाही. झालेच तर ते आधीच कमी होते, एवढे कळते.

आणि दिंडीच्या मालकांना, विणेकऱ्यांना, फडावरच्या वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्यात जो सर्वांत आधी उठतो, पाण्याच्या कळशा आणतो, दुसऱ्याची पडशी उचलतो, सगळ्यांना हसवतो आणि स्वतःला कधी काही मागत नाही, त्याच्याकडे एकदा निवांत पाहा. कदाचित तो खरोखर सुखी असेल, मग उत्तमच. पण कदाचित भिशी भरायला पैसे नाहीत म्हणून तो दुप्पट राबत असेल. त्याला चारचौघांत ‘काय रे, बरं आहे ना?’ असे विचारू नका. त्याला हसण्यावाचून दुसरे उत्तर उरणार नाही. बाजूला घ्या, आधी आपले काहीतरी सांगा, मग गप्प बसा. गळ्यात माळ असलेल्याला आपण माउली म्हणून वाकून नमस्कार करतो. त्या नमस्काराआधी तो हसरा आहे की नाही हे आपण पाहत नाही. तेवढेच त्याला एकदा शब्दांत सांगायचे आहे.

खरा आनंद आणि धरलेला आनंद ओळखण्याची माझी एक साधी कसोटी आहे. धरलेल्या आनंदाला प्रेक्षक लागतो, आणि एकटे पडले की तो थकवा होऊन अंगावर कोसळतो. खरा आनंद एकटेपणीही बरोबर असतो, आणि तो असताना रडूही येऊ शकते.

हे सारे सांगणारा मी काही पार झालेला नाही. अलीकडे माझा आवाज वरच्या पट्टीत फाटू लागला. मनात भय शिरले की हे लोकांच्या ध्यानात आले तर पुढच्या सप्ताहाला आपल्याला कोण बोलावणार? मी काय करावे? जुनीच विद्या! अभंगाच्या चढत्या चरणाशी आलो की एखादा विनोद टाकायचा; लोक हसत, आणि मी तो चरण खालून काढून नेई. साठी उलटली तरी पाठशाळेतले ते पोर ‘पानी आना’ म्हणतच होते.

एका गावी कीर्तनाला उभे राहण्याआधी माझे जुने पखवाजी जवळ आले. बरोबर खालच्या स्वराला लावलेला, मोठ्या तोंडाचा पखवाज होता. मी काहीच बोललो नव्हतो. ते हळूच म्हणाले, “बुवा, माझीही बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत. आज दोघंही खालीच वाजवू.” पेटीवाल्यांनाही त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. त्या रात्री मी एकही विनोद केला नाही. आवाज खाली होता, पण स्थिर होता. लोक उठून गेले नाहीत.

लहानपणी एका गुरुजींनी मला जे दिले, तेच म्हातारपणी एका पखवाज्याने दिले. दोघांनीही आधी स्वतःची उणीव सांगितली. णकार शिकायला मला दोन महिने लागले. त्या काळात पाणी मात्र मी रोजच प्यालो.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!