जाम झालेला शाफ्ट आणि माझी हातोडी

दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीजवळ मामांकडे गेलो होतो. त्यांची जुनी छोटी गाडी वळण घेताना पुढून कट-कट-कट वाजायची. खाली वाकून पाहिलं तर चाकामागचं रबरी बूट फाटलेलं, ग्रीस उडालेलं आणि सीव्ही जॉइंटच्या गोळ्या वाळूतच फिरत होत्या. निदान शंभर टक्के बरोबर. आता टी.ई. मेकॅनिकलचा भाचा घरात असताना मेस्त्रीकडे कशाला जायचं? "मामा, मी करतो," म्हटलं. वार मंगळवार. गुरुवारी मामींना तपासणीला न्यायचं होतं, म्हणजे हातात अख्खा दीड दिवस!

ज्यांनी हे कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. (सिव्हिल आणि कॉम्प्युटरवाल्यांनीही वाचा, तुमच्याही घरी गाडी आहे.) १९८३ साली मारुती ८०० आली, त्यानंतर पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी आपल्याकडे घरोघरी पोचली. अशा गाडीत गिअरबॉक्समधून निघालेला ड्राइव्हशाफ्ट चाकाच्या हबमध्ये शिरतो. शाफ्टच्या टोकावर स्प्लाइन म्हणजे उभे दाते, हबच्या भोकात तसेच दाते, आणि बाहेरून एक मोठा नट. नट काढला की शाफ्ट आत सरकायला हवा. पुस्तकात सरकतो.

कोकणात सरकत नाही. खारी हवा, पावसाचं पाणी, आणि चालताना दात्यांची होणारी अगदी सूक्ष्म हालचाल. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. दात्यांमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची. ती भरली की गंजच पाचर होऊन बसतो.

नट मी बरोबर काढला हो. गाडी जमिनीवर असतानाच, हँडब्रेक ओढून, नटाची खाचेत ठोकलेली कडा पंचाने उचलून, पान्यावर लांब पाइप चढवून. हा नट साधारण १५० ते ३०० न्यूटन-मीटरला आवळलेला असतो. गाडी जॅकवर चढवून झटापट केलीत तर गाडीच खाली येईल. मग चाक काढलं आणि शाफ्टच्या टोकावर हातोडी मारायला सुरुवात केली. शाफ्ट तसाही बदलायचाच होता, म्हणून बिनधास्त. अर्धा तास ठोकलं. शाफ्ट हलला नाही, टोक मात्र अळंबीसारखं पसरलं. पसरलेलं टोक हबच्या भोकातून आत जाणार कसं, हे तेव्हा सुचलं!

संध्याकाळी मामांनी गुपचूप मेस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी टोक पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "इंजिनीअर, तू मारतोस तो जोर जातो कुठे?"

प्रश्न साधा होता आणि उत्तर फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधलं होतं. फ्री बॉडी डायग्राम काढा. हातोडीचं बल शाफ्टमध्ये, शाफ्टमधून जाम दात्यांतून हबमध्ये, हबमधून बेअरिंगमध्ये, तिथून नकल, मग सस्पेन्शनचे रबरी बुश. म्हणजे प्रत्येक फटका बेअरिंगच्या गोळ्या खात होत्या आणि उरलेला रबर. एक किलोची हातोडी सेकंदाला ५ मीटर वेगाने येऊन अर्ध्या मिलिसेकंदात थांबली, तर सरासरी बल १० किलोन्यूटन. ऐकायला भारी वाटतं, पण अर्ध्या मिलिसेकंदापुरतंच.

काकांनी आधी अर्धा तास कानशीने टोक घासलं (बोलले काहीच नाहीत, ते जास्त लागलं). पुलरचं टोक घसरू नये म्हणून मध्यभागी पुन्हा खड्डा पाडला. गंज सोडवायचा स्प्रे मारला. आतल्या बाजूला जॉइंटचा खांदा टेकलेला असल्यामुळे तेल फक्त बाहेरून जातं, म्हणून थोड्या थोड्या वेळाने तीन-चारदा मारलं आणि घरी गेले. रात्रभर काही करायचं नाही, हेही काम असतं म्हणे.

बुधवारी सकाळी पुलर आणला. त्याची पाटी हबच्या चार स्टडना चाकाच्याच नटांनी बांधायची आणि मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर दाबायचा. हब फिरू नये म्हणून दोन स्टडमध्ये पहार अडकवून जमिनीवर टेकवायची. आता बल शाफ्ट, दाते, हब, पाटी आणि परत स्क्रू असं गोल फिरतं. बेअरिंग त्या वाटेवरच नाही. हिशेब करा: अर्ध्या मीटरच्या दांड्यावर २० किलोचा जोर म्हणजे सुमारे १०० न्यूटन-मीटर. स्क्रू २० मिमीचा, घर्षणासकट टॉर्कचा गुणांक ०.२ धरला तर बल १००/(०.२×०.०२), म्हणजे २५ किलोन्यूटन. अडीच टन, आणि तेही सतत.

एवढ्यानेही सुटला नाही. मग काकांनी स्क्रू ताणलेला ठेवून त्याच्या डोक्यावर एकच ठोका दिला. पुन्हा पाव फेरा, पुन्हा ठोका. गंज ठिसूळ, ताण आधीच असला की छोट्या धक्क्यानेही त्याला भेग जाते. तिसऱ्या ठोक्याला फट् असा आवाज झाला आणि मी दोन पावलं मागे उडालो. मोठा नट काकांनी आधीच चार आट्यांवर परत चढवला होता, म्हणून शाफ्ट थोडासाच सरकून अडकला. डोळ्यांवर गॉगल लावा आणि पुलरच्या समोर उभं राहू नका.

"गॅसने तापवलं असतं तर?" मी विचारलं. हब १०० अंशांनी तापला तर २५ मिमीचं भोक जेमतेम ०.०३ मिमी वाढतं. गंजाला तेवढंही पुरतं, पण शाफ्ट थंड राहायला हवा, आणि बेअरिंगचं ग्रीस व सील जळतं. शिवाय नुकताच तेलाचा स्प्रे मारलेला. बेअरिंग वाचवायचं म्हणून काकांनी गॅस टाळला होता.

मग खालचा बॉल जॉइंट सोडवून शाफ्ट बाहेर काढला. काकांनी नकलवर तळहात ठेवून हब हळूच फिरवला आणि माझाही हात तिथे ठेवला. खरखर लागत होती. माझ्या अर्ध्या तासाचे खड्डे.

बेअरिंग शुक्रवारी मिळालं. गुरुवारी मामी एस.टी.ने गेल्या, उभ्याने. मला कोणी काही बोललं नाही.

बसवताना हबचे दाते तारेच्या ब्रशने साफ केले, नव्या शाफ्टच्या दात्यांवर मॉलिब्डेनमच्या ग्रीसचा पातळ हात दिला, आटे मात्र कोरडे ठेवले. शाफ्ट नसताना गाडी त्या चाकावर उतरवायची नाही, बेअरिंग सुटून येतं. नट नवाच घेतला. तो गाडी खाली उतरवल्यावर काकांनी टॉर्क रेंचने आवळला, आणि कडा खाचेत ठोकायला पंच माझ्या हातात दिला.