रोषणाईचे दिवे

उर्दूत ‘रोशनाई’ म्हणजे लिहिण्याची शाई, हे तुम्हांला ठाऊकच आहे. मराठीत मात्र ‘रोषणाई’ म्हणजे सणासुदीला केलेली दिव्यांची आरास. गंमत अशी, की मराठीतला ‘शाई’ हा शब्दही आपल्या ‘सियाही’वरूनच आला आहे. मराठीने काळा शब्द दौतीत ठेवला आणि उजळ शब्द दिव्यांसाठी राखून ठेवला! या पाठात आपल्याला दिव्यांच्या रोषणाईविषयी बोलायचे आहे.

रबी-उल-अव्वलचा चाँद दिसला, की आपल्या गल्लीत हिरवे दिवे लागतात. बारा रात्री ते झगमगत असतात. गणपतीत, दिवाळीत आणि नाताळातही असाच झगमगाट असतो. पूर्वी छोट्या बल्बांच्या माळा असत. मग हॅलोजनचे मोठे दिवे आले. आता घराच्या दर्शनी भिंतीवर खालून रंगीत प्रकाश टाकण्याची पद्धत पडली आहे. ॲल्युमिनियमची चपटी पेटी, पुढे काच आणि आत एलईडी, असा हा दिवा असतो. त्याचे नाव फ्लडलाइट. पण बाजारात सगळे त्याला नुसते ‘फोकस’ म्हणतात. आपणही तसेच म्हणू.

दुकानात गेल्यावर आपण काय पाहतो? आधी रंग आणि मग किंमत. तुम्ही त्याआधी खोक्यावरचा वॅटचा आकडा पाहा. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते. आता हिशेब करू. पाचशे वॅटचे दोन हॅलोजन रोज पाच तास लावले, तर एका रात्रीत ५ युनिटे जळतात. बारा रात्रींची झाली ६० युनिटे. त्याऐवजी ५० वॅटचे दोन एलईडी फोकस तेवढाच वेळ लावले, तर बारा रात्रींत फक्त ६ युनिटे लागतात.

हा फरक नुसता ५४ युनिटांचा नाही. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो; त्यापुढच्या युनिटांचा बराच जास्त. समजा, तुमच्या घरी महिन्याला ८५ युनिटे लागतात. त्यात हॅलोजनची ६० मिळवली, की १४५ झाली. म्हणजे ४५ युनिटे महागड्या टप्प्यात गेली. एलईडीची ६ मिळवली, तर ९१ होतात आणि तुम्ही पहिल्याच टप्प्यात राहता. घरातले जुने बिल काढून हा हिशेब करून पाहा. अब्बांना आवडेल.

दुकानदार कधी कधी सांगतात, की ५० वॅटचा एलईडी म्हणजे पाचशेचा हॅलोजन. पांढऱ्या प्रकाशाच्या बाबतीत हे काही खरे नाही. प्रकाश लुमेनमध्ये मोजतात. हॅलोजन एका वॅटमागे सुमारे २० लुमेन देतो, तर चांगला एलईडी फोकस सुमारे १०० लुमेन. म्हणजे फरक दहापट नव्हे, पाचपट. पण रंगीत प्रकाश हवा असेल, तर एलईडी याहून पुष्कळच पुढे जातो. हॅलोजनमध्ये तार तापून सगळे रंग एकदम बाहेर पडतात. पुढे निळी काच लावली, की ती निळा प्रकाश तेवढा जाऊ देते आणि बाकीचा अडवते. मुळात हॅलोजनच्या प्रकाशात निळा भाग थोडाच असतो. पाचशे वॅट जाळून आपण बहुतेक काच तापवतो! एलईडीचे तसे नाही. त्यातला स्फटिक ज्या पदार्थाचा असेल, त्याप्रमाणे तो थेट लाल, हिरवा किंवा निळा प्रकाश देतो. अडवायला काही उरतच नाही.

हे रंग एकदम हाती आले नाहीत. डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ साली बनवला. प्रखर निळ्यासाठी मात्र १९९० नंतरची वर्षे उजाडावी लागली. तो बनवणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या घरातला पांढरा एलईडी दिवासुद्धा बहुधा आतून निळाच असतो. त्याच्यावर पिवळ्या चमकणाऱ्या पदार्थाचा थर दिलेला असतो, म्हणून तो पांढरा दिसतो.

रिमोटने रंग बदलणारा फोकसही मिळतो. मुलांचा हट्ट हमखास त्याच्यासाठी असतो. त्यात लाल, हिरवे आणि निळे असे तीन प्रकारचे एलईडी असतात. तुम्ही हिरवा रंग लावला, की फक्त हिरवे पेटतात आणि बाकीचे गप्प बसतात. म्हणजे पैसे तिन्ही रंगांचे दिले आणि प्रकाश एकाचा मिळाला. बारा रात्री हिरवाच रंग हवा असेल, तर सरळ हिरवा फोकस घ्यावा, असे माझे मत आहे. दिवाळी-नाताळातही तोच दिवा वापरायचा असेल, तर रिमोटवाला घ्यायला हरकत नाही.

रंग निवडताना भिंत विसरू नका. चुना दिलेली पांढरी भिंत कोणताही रंग घेते. पण लाल विटांवर किंवा कोकणातल्या जांभ्या दगडावर हिरवा प्रकाश टाकला, तर भिंत काळपट, मळकी दिसते. लाल भिंत हिरवा प्रकाश शोषून घेते, परत फार थोडा पाठवते. मग लोकांना वाटते, की दिवा कमी पडला, आणि ते आणखी एक आणतात. तिथे दिवे वाढवून उपयोग नाही. रंग बदलायला हवा. अशा भिंतीवर लाल किंवा नारिंगी प्रकाश खुलतो आणि अंगणातल्या झाडावर हिरवा. बॅटरीच्या काचेवर रंगीत जिलेटिन कागद धरून अंधारात भिंतीवर प्रकाश टाका. दुकानात जाण्यापूर्वीच तुम्हांला उत्तर मिळेल.

आता पावसाकडे वळू. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणून आपले सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात. ईद-ए-मिलाद २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये १६ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये ५ सप्टेंबरला. म्हणजे यापुढे काही वर्षे आपली रोषणाई भर पावसात होणार. म्हणून खोक्यावर आणखी एक आकडा शोधा. इंग्रजी आय आणि पी ही दोन अक्षरे असतात आणि त्यांपुढे दोन अंक. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६५ असेल, तर आत धूळ मुळीच जात नाही आणि कोणत्याही बाजूने पाण्याची धार आली तरी दिवा बिघडत नाही. उघड्या गच्चीवर लावायला एवढे पुरेसे आहे. जवळच भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही पाहून घ्या.

एवढे पाहिले म्हणजे झाले, असे मलाही वाटत होते.

२०२३ सालची गोष्ट आहे. त्या वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली होती. मुंबईत आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवले, हे तुम्ही ऐकले असेल. भिवंडीत आमच्या गल्लीत हिरवे दिवे लागले होते आणि पलीकडच्या गल्लीत गणपतीचा मांडव होता. मी स्वतः पारखून आयपी ६५ चे दोन फोकस आणले होते. फोकसची वायर हातभरच असते. म्हणून मी दुसरी वायर जोडली, जोडावर काळी टेप गुंडाळली आणि वायर गॅलरीच्या लोखंडी कठड्यावरून आत घेतली. नव्या वायरीत दोनच तारा होत्या. फोकसची तिसरी, हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची तार मी मुडपून ठेवली. दिवा लागला. सगळे खूश झाले.

चौथ्या रात्री जोराचा पाऊस आला. माझा भाचा अनवाणी गॅलरीत गेला आणि त्याने कठड्याला हात लावला. त्याची किंकाळी मी अजून विसरलेलो नाही. नशिबाने तो मागे फेकला गेला, कठड्याला चिकटला नाही. अम्मी त्याला धरायला धावल्या. मी ओरडून त्यांना थांबवले आणि आधी मेन स्विच बंद केला. मुलाच्या तळहाताला भाजले होते आणि तो थरथरत होता. आम्ही त्याला तसेच दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतले.

सकाळी मांडवाचे काम करणारे वायरमन काका आले. त्यांनी फोकस उघडून दाखवला. आत थेंबभरही पाणी नव्हते.

“दिव्यात पाणी गेलंच नाही, गुरुजी. पाणी गेलंय इथं, जोडात,” ते म्हणाले. “आणि ही तिसरी तार कोणी मुडपली?”

मी काय उत्तर देणार? खोक्यावरचा आयपी ६५ हा आकडा दिव्याचा होता. माझ्या टेपवर तो कोणीही छापला नव्हता.

काकांनी मग सगळी वायर बदलली. तीन तारांची एकसंध वायर घेतली. बाहेर जोड ठेवलाच नाही. तो घरात, कोरड्या जागी आणला. तिसरी तार अर्थिंगला जोडली. फोकसची पेटी धातूची असते. आत काही बिघडून तिच्यात वीज उतरली, तर या तारेतून ती जमिनीत जाते. शेवटी त्यांनी बोर्डात आरसीसीबी बसवली. घरात एमसीबी होतीच. पण ती भार फार वाढला तरच पडते; माणसाच्या अंगातून जाणारी थोडी वीज तिला कळत नाही. आरसीसीबीला ती कळते. सुमारे ३० मिलिअँपिअर वीज भलत्या वाटेने गेली, की ती निमिषात पुरवठा तोडते. तिची किंमत एका फोकसहून जास्त होती, हे खरे. त्या वर्षी दुसरा फोकस आम्ही लावला नाही.

तो एकच दिवा पुरला, हेही सांगायला हवे. असा फोकस साधारण १२० अंशांत पसरट प्रकाश टाकतो. भिंतीपासून एक मीटरवर ठेवला, तर सुमारे साडेतीन मीटर रुंदीची भिंत उजळते. मात्र त्याचे तोंड आपल्या भिंतीकडे हवे, समोरच्यांच्या खिडकीकडे नको. समोर कोणी आजारी असेल, तर बारा रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागणार नाही. निळ्या-पांढऱ्या प्रकाशावर पावसाळी किडे जास्त झेपावतात, पिवळ्यावर कमी. दारावरचा दिवा निवडताना हेही पाहा. आणि वीज आपल्या मीटरमधूनच घ्या. रस्त्यावरच्या तारेवर आकडा टाकणे हा २००३ च्या वीज कायद्याने गुन्हा आहे. गल्लीसाठी रोषणाई करायची असेल, तर सणापुरती तात्पुरती जोडणी मागता येते.

खोक्यावरचा वॅटचा आकडा खरा आहे का, हे घरीच तपासता येते. मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो, हे शेजारी छापलेले असते. समजा, तिथे ३२०० लिहिले आहे. घरातले सगळे बंद करून फक्त ५० वॅटचा फोकस चालू ठेवा आणि पंधरा मिनिटे मोजा. चाळीस वेळा लुकलुकला, तर आकडा खरा. मीटरला हात लावू नका, नुसते पाहा. माझा भाचा आता हे मोजण्यात पटाईत झाला आहे. दरवर्षी तोच मोजतो, चपला घालून.

स्वाध्याय

१. ३० वॅटचे तीन फोकस रोज चार तास, दहा रात्री लावले. किती युनिटे लागतील?

२. मीटरवर १६०० लिहिले आहे. ३० वॅटचा दिवा दहा मिनिटे लावला, तर लाल दिवा किती वेळा लुकलुकेल?

३. लेखकाने आयपी ६५ चा फोकस आणूनही अपघात का झाला? पाच-सहा वाक्यांत लिहा.

४. ‘शिकस्त’ या शब्दाचा उर्दूत आणि मराठीत काय अर्थ होतो, ते घरी विचारा. असे आणखी दोन शब्द शोधा.