पेटीवरचा हुद्दा

मूर्तिजापूर, जि. अकोला
तान्हा पोळा

प्रिय बाळा,



परवा फोनवर तू म्हणालास, "काका, तीन वर्षं होत आली, बाहीवर एक फीत नाही. गावात आलो की जो तो विचारतो, 'पक्का झाला काय रे?'" तेव्हा मला धड उत्तर सुचलं नाही, म्हणून हे पत्र.

माझी काळी पेटी तू लहानपणापासून पाहतोस. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. प्रत्येक बढतीला मी हुद्द्याच्या ओळीवर काळा रंग फासून नवा हुद्दा लिहिला. पेटी उन्हात तिरपी धरली तर हवालदाराखाली नायक दिसतो, त्याखाली लान्स नायक, तळाशी सिपाही. नंबर मात्र २४ वर्षं तोच राहिला. नायब सुभेदार झालं की माणसाला नवा जेसी नंबर मिळतो. माझ्या पेटीवर तो आलाच नाही. का आला नाही, ते घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतो.

नायक असताना माझं नाव कॅडरसाठी, म्हणजे बढतीला लागणाऱ्या कोर्ससाठी, आलं. त्याच महिन्यात कपाशीची वेचणी होती आणि घरात लग्न. मी सुट्टी घेतली. कॅडर काय, पुढच्या खेपेला करू म्हटलं. शिक्षणाचं सर्टिफिकेटही असंच मागे पडलेलं. पुढची खेप यायला दोन वर्षं गेली. सागरच्या महार रेजिमेंट सेंटरमध्ये माझ्यासोबत एकाच दिवशी कसम खाल्लेला दोस्त तोवर पुढे निघून गेला. तो सुभेदार मेजर झाला आणि एका २६ जानेवारीला ऑनररी कॅप्टन. मी हवालदार म्हणून घरी आलो. कुणी माझ्यावर अन्याय केला नव्हता. मीच दिरंगाई केली होती. १ जुलै २०१४ पासून 'एक हुद्दा, एक पेन्शन' लागू झालं, समान हुद्द्याला आणि समान सेवेला समान पेन्शन मिळू लागली. पण माझा हुद्दा होता तोच राहिला. त्यामुळे हुद्द्याला किंमत नसते, असं मी तुला कधीच सांगणार नाही.

मात्र हुद्दा कशासाठी असतो, हे मला फीत लागल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. आम्ही बर्फातल्या एका पोस्टवर होतो. सेक्शनमध्ये दहा जण, मी सेक्शन कमांडर. रोज संध्याकाळी प्रत्येकाने बूट-मोजे काढायचे आणि मी टॉर्च लावून एकेकाची बोटं पाहायची, असा नेम होता. एका पोराने "ठीक है उस्ताद" म्हणत डावा पाय मागे घेतला. मी धरून पुढे ओढला. करंगळी आणि शेजारचं बोट मेणासारखं पांढरं पडलं होतं. पोस्ट सोडावी लागेल म्हणून त्याने दोन दिवस लपवलं होतं. त्याला रातोरात खाली पाठवलं. बोटं वाचली. आजही दर दिवाळीला त्याचा फोन येतो आणि "उस्ताद, दोन्ही पाय सलामत" हे तो पहिलं वाक्य बोलतो. हवालदाराच्या तीन फिती म्हणजे स्वतः जेवण्याआधी दहा जणांचे पाय पाहण्याची जबाबदारी.

शिवकाळातही पायदळात दहा जणांवर नाईक असे आणि पाच नाईकांवर हवालदार. नाव जुनं आहे, काम तेच आहे. हे काम करायला फीत लागेपर्यंत थांबावं लागत नाही. तुझ्या बराकीतला जो पोरगा फायरिंगमध्ये मागे पडतो, त्याच्याजवळ आज रात्रीच जाऊन बस.

अग्निवीराची चार वर्षं तुला थोडी वाटतात. आपल्या रेजिमेंटच्या आधीच्या लोकांचं आठव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरतीच बंद झाली. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि लढाई संपल्यावर काही वर्षांत मोडली गेली. ते जवान फिती आणि पेन्शनीची आस अर्ध्यावर सोडून गावी परतले. पण त्यांनी काम चोख केलं होतं. बाबासाहेबांनी त्याच सेवेच्या आधारावर सरकारकडे मागणी लावून धरली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. अर्धवट राहिलेली नोकरीही वाया गेली नाही.

आता तुझ्या कामाचं. अग्निवीरांतून जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. म्हणजे चारांतले तीन घरी येणार, आणि त्यांना पेन्शन नाही. हे कडू आहे. मला ते पटत नाही, तरी लपवणार नाही. म्हणून दोन्ही वाटांची तयारी ठेव. शारीरिक क्षमता आणि फायरिंग यांतली एकही चाचणी हलक्यात घेऊ नकोस. तू दहावीवर भरती झालास. एनआयओएस या मुक्त शाळेतून अग्निवीरांना बारावी करता येते, ती कर. कायम झालास तर बारावीवर डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजची वाट उघडते. तिथून जवानांचे अधिकारी होतात. परत आलास तर सेवा निधीचे साधारण पावणेबारा लाख हाती येतील. ते ट्रॅक्टरच्या डाऊन पेमेंटला किंवा कुणाच्या लग्नाला द्यायचे नाहीत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांना जागा राखीव आहेत, ती वाटही लक्षात ठेव. दर्यापूरच्या रस्त्यावर पहाटे सोळाशे मीटर पळणारा पोरगा तूच होतास, ते विसरू नकोस.

"पक्का झाला काय?" असं कुणी विचारलं तर खाली मान घालू नकोस. "अजून नाही, अभ्यास चालू आहे," एवढंच सांग.

मी एक कॅडर पुढे ढकलला आणि त्याची किंमत आजवर मोजतो आहे. तू बारावीचा अर्ज पुढे ढकलू नकोस. येत्या रविवारी भर आणि भरल्यावर मला फोन कर.

तुझा,
काका